अठराला सात महिने कमी

कामाच्या पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक पांढरी प्लास्टिकची बाटली आली. तीस गोळ्यांची. डी. फार्म. करून दोन वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा राहिलेला मी, बाटल्यांचं मला काय नवल! पण लेबल वाचलं आणि गडबडलो. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम. हे तर एचआयव्हीचं औषध, कॉलेजात पाठ केलेलं. मी आक्काला हळूच विचारलं, "ही कुणाची? कोण पॉझिटिव्ह आहे?"

आक्का वहीतून मान वर न काढता म्हणाली, "कुणी नाही. कुणी होऊ नये म्हणून आहे ती."

ही जुलै २०२४ची गोष्ट. मी कराडजवळच्या एका खेड्यातला. मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनाबाहेर, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या एका संस्थेत लागलो होतो. संस्था आमच्याच लोकांची : समलिंगी पोरं, कोथी, हिजडे, ट्रान्स मुली. आमच्याच म्हणतो, कारण मीही त्यातलाच. त्या खोल्यांना सगळे डीआयसी म्हणतात. कुणीही यावं, पंख्याखाली आडवं व्हावं, चहा प्यावा, आरशासमोर उभं राहून हवा तेवढा वेळ पदर लावावा, अशी जागा. आक्का तिथली सगळ्यांत जुनी. पन्नाशी उलटलेली, कागदावर पुरुष, वीस वर्षं कंडोम वाटत पायपीट केलेली. तिला सगळे आक्काच म्हणतात, चौकीतले हवालदारसुद्धा.

तिथली भाषा अंगवळणी पडायला मला महिना लागला. साइट म्हणजे जिथे आपले लोक भेटतात ती जागा. पिअर म्हणजे त्या जागेवरचाच माणूस, जो आपल्या ओळखीच्यांची खबर ठेवतो. लाइन लिस्ट म्हणजे त्या ओळखीच्यांची यादी. एखादा यायचा बंद झाला, फोन लागेना, की तो 'एलएफयू' झाला म्हणायचं. आणि सगळ्यांत जास्त घोळ झाला तो पेप आणि प्रेपचा. कानाला सारखेच. पेप म्हणजे धोका घडून गेल्यावर घ्यायचं औषध : ७२ तासांच्या आत सुरू करायचं, २८ दिवस घ्यायचं. दवाखान्यात सुई टोचलेल्या नर्सला देतात ते. प्रेप म्हणजे आधीपासूनच, एचआयव्ही नसलेल्या माणसाने, रोज एक गोळी. पहिल्या पंधरवड्यात एकाला मी फोनवर नेमकं उलटं सांगून बसलो. आक्काने फोन माझ्या हातातून काढून घेतला, त्या पोराला नीट समजावलं, आणि मग मला चहा दिला. रागावली नाही. त्या दिवशी रात्री मी दोन्ही शब्द कागदावर लिहून आरशावर चिकटवले.

गोळी काम कशी करते, हे मला कॉलेजने शिकवलं होतं, पण दुसऱ्याला सांगायला शिकवलं नव्हतं. ते मी आक्काकडून शिकलो. ती म्हणायची, "व्हायरस पेशीत शिरला की बसतो आपली नक्कल लिहीत. गोळी आधीच तिथे जाऊन बसलेली असते. ती त्याच्या लिहिण्यात एक चुकीचं अक्षर घुसवते. पुढचं अक्षर जुळतच नाही. नक्कल तिथेच तुटते." फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात हेच अडीच पानांत आहे. पण औषध आधी जाऊन बसायला हवं, ही त्यातली मेख. २०१० साली आलेल्या आयप्रेक्स चाचणीत सहा देशांतले २,४९९ लोक होते. ज्यांना गोळी दिली त्यांच्या गटात लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. आकडा ऐकून मी म्हटलं, निम्मीसुद्धा नाही? मग पुढचं वाचलं. ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, म्हणजे ज्यांनी गोळी पोटात घेतली होती, त्यांच्यात संरक्षण ९० टक्क्यांच्या वर होतं. मधली सगळी तफावत बाटलीतच राहिलेल्या गोळ्यांची.

गोळी अशी उचलून देता येत नाही, हेही तिथेच शिकलो. आधी एचआयव्हीची तपासणी, कारण आत लागण असताना नुसत्या दोन औषधांवर ठेवलं तर व्हायरस त्यांना सरावतो. मग क्रिएटिनिन, कारण टेनोफोव्हिर मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. हिपॅटायटिस बी. गरमीसाठी व्हीडीआरएल. मग बुधवारी येणारे डॉक्टर चिठ्ठी लिहितात. एका महिन्याने पुन्हा तपासणी, पुढे दर तीन महिन्यांनी. पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, बहुतेकांची आपोआप जाते. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं आणि मला वाटलं, आता आलं आपल्याला.

सप्टेंबरमधल्या एका बुधवारी तो आला.

पाठीला कॉलेजची सॅक, पायात पावसाळी सँडल, हातात मिटलेली ओली छत्री. छत्री कुठे ठेवू, हे त्याने पहिल्यांदा विचारलं. मग म्हणाला, "प्रेप मिळतं का इथे?" उच्चार अगदी स्पष्ट. मोबाइलवर सगळं वाचून आलेला होता. क्रिएटिनिनचंसुद्धा त्यालाच माहीत. मला इतका आनंद झाला! दोन महिने मी लोकांच्या मागे लागून सांगत होतो, आणि हा आपल्या पायांनी जिना चढून आला होता. मी फॉर्म काढला, त्याला वजनकाट्यावर उभं केलं. ५१ किलो. नाव लिहिलं. जन्मतारीख त्याने सांगितली, मी लिहिली, आणि वयाच्या रकान्यात पेन थांबलं. सतरा वर्षं पाच महिने.

मला नियम माहीत होता. १८ च्या खालच्यांचं नाव आमच्या लाइन लिस्टमध्ये घेत नाहीत. पण नियम माहीत असणं वेगळं आणि समोर ओली छत्री घेऊन बसलेला पोरगा वेगळा. मी उठून आतल्या खोलीतून ताईंना बोलावलं. ताई आमच्या समुपदेशक. त्या आल्या, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. त्याने बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब बाळा. तू आत्ता मला काही सांगू नकोस. आधी माझं ऐक."

समुपदेशक समोरच्याला म्हणते, काही सांगू नकोस! ऐकणं हेच जिचं काम, तीच त्याचं तोंड बंद करत होती. मला काही कळेना. ताई सावकाश, एकेक शब्द मोजून सांगत होत्या : "तू अठराच्या आतला आहेस. तुझ्या तोंडून काही गोष्टी मी ऐकल्या, तर कायद्याने मला त्या पोलिसांना कळवाव्या लागतात. तुझी इच्छा असो नसो. म्हणून तुझं नाही, मी माझं बोलणार. पण एक गोष्ट मात्र आत्ताच विचारते. कुणी मोठं माणूस तुझ्यावर जबरदस्ती करतंय का? धमकावतंय का? तसं असेल तर घाबरू नकोस, ते सांग. त्यात मी तुझ्या पाठीशी उभी राहीन. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबरही लिहून घे."

त्याने नकारार्थी मान हलवली. मग बराच वेळ छत्रीच्या मुठीकडे बघत राहिला.

पुढची पंधरा मिनिटं ताई बोलत होत्या आणि तो ऐकत होता. धोका वाटला तर ७२ तासांत सरकारी रुग्णालय गाठायचं. १०९७ ही एचआयव्हीची फुकट हेल्पलाइन. तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी तपासणी केंद्रात, मोफत होते, पण १८ च्या खाली पालकांची संमती मागतात. "आईला आणशील?" त्यांनी विचारलं.

"आईला काय सांगू, कशासाठी चल?"

ताईंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच. तो उठला, छत्री घेतली, "थँक यू" म्हणाला आणि जिना उतरून गेला. वजनकाट्याच्या बाजूला त्याच्या छत्रीचं पाणी साचलं होतं. ते मी पुसलं.

त्या संध्याकाळी मी ताईंवर चिडलो. नवीन माणूस चिडतो तसा, सगळं एकदम हवं म्हणून. ताईंनी मला कायदा वाचायला दिला. पोक्सो, २०१२ चा. १८ च्या आतला प्रत्येकजण मूल. कलम १९ : अशा मुलाबाबत गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. कलम २१ : नाही कळवलं तर कैद, दंड किंवा दोन्ही. दोन सोळा-सतराची पोरं एकमेकांच्या जवळ आली तरी कायद्याच्या लेखी गुन्हाच. "मी त्याचं ऐकलं असतं आणि त्यात त्याच्याच वर्गातल्या मुलाचं नाव आलं असतं," ताई म्हणाल्या, "तर उद्या दोघांच्या घरी पोलीस. दोघांच्या आयांना, बापांना, सगळ्या चाळीला कळलं असतं. त्याने परत या जिन्यावर पाय ठेवला असता का?"

हा कायदा नको असं मी म्हणणार नाही. लहान पोरांना ओरबाडणारी माणसं मी माझ्या गावातही पाहिली आहेत, आणि तेव्हा असा कायदा असता, कुणी कळवलं असतं, तर काहींचं बालपण वाचलं असतं. पण ज्या भिंतीने मुलांचं रक्षण व्हायचं, तिच्याच आड हा पोरगा दवाखान्यापासून तुटला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास काढला, तेव्हा मी गावच्या एसटी स्टँडवर मोबाइलवर बातमी वाचून एकटाच रडलो होतो. मला वाटलं होतं, आता सगळ्यांना सगळं मिळेल. तो निकाल सज्ञान माणसांचा होता. माझ्या तेव्हाच्या आनंदात सतरा वर्षांचं कुणी नव्हतं, हे मला सहा वर्षांनी कळलं.

रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसलो. औषधाला वयाची काय अडचण आहे, ते तरी बघू. अमेरिकेच्या एफडीएने ही गोळी प्रौढांसाठी मंजूर केली जुलै २०१२ मध्ये, आणि मे २०१८ मध्ये किशोरवयीनांसाठीही. अट होती वजनाची : किमान ३५ किलो. माझ्या काट्यावर तो ५१ भरला होता. वाढीच्या वयात हाडांची घनता थोडी कमी होऊ शकते, म्हणून लक्ष ठेवावं लागतं, हेही वाचलं. पण औषधाच्या बाजूने दार बंद नव्हतं.

मग एक अभ्यास सापडला, ज्याने माझा कामाकडे बघण्याचा रोख बदलला. अमेरिकेतल्या सहा शहरांत १५ ते १७ वयाच्या समलिंगी मुलग्यांना प्रेप देऊन पाहिलं होतं. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. जवळजवळ २,९०० मुलांपर्यंत पोचावं लागलं तेव्हा ७८ जण त्यात आले. अठ्ठ्याहत्तर! पण खरी गोष्ट पुढे आहे. पहिले तीन महिने ही मुलं दर महिन्याला भेटायला येत होती, तोवर बऱ्याच जणांच्या रक्तात पुरेसं औषध सापडत होतं. भेटी तीन महिन्यांनी एकदा केल्या आणि औषधाचं प्रमाण घसरत गेलं. मुलं तीच आणि गोळीही तीच होती. महिन्याच्या महिन्याला विचारणारं माणूस तेवढं कमी झालं. मी हे सकाळी आक्काला सांगितलं, मोठा शोध लागल्यासारखं. ती म्हणाली, "पोरांना विचारायला लागतं रे. म्हाताऱ्यांनाही लागतं."

ब्राझीलचंही वाचलं. तिथे २०१९ पासून साल्वादोर, साओ पावलो आणि बेलो ओरिझोंते या तीन शहरांत १५ ते १९ वयाच्या समलिंगी मुलग्यांसाठी आणि ट्रान्स मुलींसाठी प्रेपचा मोठा प्रकल्प चालला. साल्वादोरचं केंद्र जुन्या पेलोरिन्यो वस्तीत, एलजीबीटी लोकांच्याच एका वाड्यात होतं. मोठ्या हॉस्पिटलच्या रांगेत कुणाला उभं केलं नाही. मुलांशी बोलायला त्यांच्यातलेच तरुण होते. मोबाइलवर प्रश्नांना उत्तरं देणारी एक ट्रान्स बॉटसुद्धा केली होती, अमांडा सेल्फी नावाची. आणि २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने सरकारी दवाखान्यांतल्या प्रेपचं वय १८ वरून १५ वर आणलं. वजन ३५ किलो हवं, पालकांची सही नको. अर्थात तिथे संमतीचं वय १४ आहे, आपल्याकडे १८. तिथला नियम उचलून इथे बसवता येणार नाही, एवढं मलाही कळतं. पण पंधरा-सोळा वर्षांची मुलं विश्वासाने येतात, गोळी समजून घेतात, हे त्यांनी करून दाखवलं.

आपल्याकडे जे करून दाखवलं तेही कमी नाही. म्हैसूरच्या अशोदया समितीने आणि कोलकात्याच्या सोनागाचीतल्या दुर्बार समितीने देहविक्रय करणाऱ्या बायकांना प्रेप दिलं, तेव्हा ते वस्तीतल्या बायकांनीच चालवलं होतं. आज गोळी घेतलीस का, हे शेजारीणच विचारायची. गोळ्या सोडणाऱ्या फार थोड्या निघाल्या. हे वाचल्यावर मला आमच्या दोन खोल्यांची किंमत कळली.

ऑक्टोबरमध्ये एक दुसरा मुलगा आला. एकोणीस वर्षांचा, कॅटरिंगचं काम करणारा, हातावर तेलाचे डाग. तोही प्रेप विचारायलाच आला होता. वय बसत होतं, मी खुशीत फॉर्म भरला. तपासणी रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे लागण दिसली. आयसीटीसीत पाठवलं, तिथे तिन्ही चाचण्यांनी तेच सांगितलं.

मी ताईंना विचारलं, कधी झालं असेल? ताई म्हणाल्या, ते कुणीच सांगू शकत नाही. गेल्या महिन्यात, गेल्या वर्षी, दोन वर्षांपूर्वी. त्याच्याबरोबर एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरला मीच गेलो. बाकावर बसून आम्ही नंबरची वाट बघत होतो. औषध मिळालं, टीएलडी, तीन औषधांची एक गोळी. त्याने मला विचारलं, "यात काय काय असतं?" मी सांगायला लागलो : टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर. आणि पहिल्याच शब्दावर माझा आवाज अडकला. तेच टेनोफोव्हिर. लागण झाल्यावर सरकार ते आयुष्यभर फुकट देतं. २००४ पासून देतंय, आणि त्या एका निर्णयाने लाखो माणसं जगली, हे मी कृतज्ञतेनेच लिहितो. पण लागण होण्याआधी तेच टेनोफोव्हिर हवं असेल तर बहुतेकांना दुकानातून विकत घ्यावं लागतं, आणि एका बाटलीची किंमत कॉलेजच्या पोराच्या लोकलच्या महिन्याच्या पासाच्या कितीतरी पट. या गोळ्या जगाला पुरवणारे कारखाने आपल्या देशात आहेत. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्के, आमच्या लोकांत ३ टक्क्यांच्या वर. मग गोळी आधी कुणाकडे पोचायला हवी?

तो मुलगा आता बरा आहे. गोळी नेमाने घेतो. व्हायरस रक्तात सापडेनासा झाला की तो दुसऱ्याला लागत नाही, हे त्याला पटवायला आम्हाला तीन बैठका लागल्या. आता तोच नव्या पोरांना ते पटवतो. पण त्या बाकावरचा तो अर्धा तास माझ्या मनातून जात नाही. आणि त्या अर्ध्या तासात मला सारखा आठवत होता तो ओल्या छत्रीचा पोरगा. अठराला अजून सहा महिने होते.

तो मला अधूनमधून स्टेशनच्या पुलावर दिसायचा. मी ओळख दाखवायची की नाही, हेसुद्धा मला कळत नसे. आक्काने सांगितलं, त्याने पाहिलं तर पाहा, नाही पाहिलं तर पुढे जा. डिसेंबरात एकदा त्याने पाहिलं. आम्ही पुलाखाली वडापाव खाल्ला. अभ्यासाचं बोललो. फिजिक्स जड जातंय म्हणाला. मी दुसरं काहीच विचारलं नाही, विचारायची सोय नव्हती. जाताना म्हणाला, "एप्रिलमध्ये येतो."

मधल्या काळात, जानेवारी २०२५ मध्ये, अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि हैदराबाद, कल्याण, पुण्याची मित्र क्लिनिकं बंद पडली. हैदराबादचं मित्र हे देशातलं ट्रान्स लोकांसाठीचं पहिलं क्लिनिक, २०२१ चं. आमच्याकडच्या दोघी-तिघी ट्रान्स मुली कल्याणला जायच्या. तिथे बसलेली माणसं त्यांच्यातलीच होती, म्हणून जायच्या. एके दिवशी त्या परत आल्या आणि डीआयसीच्या आरशासमोर नुसत्या बसून राहिल्या. एकीने विचारलं, "आता बीपी मोजायलासुद्धा कुठे जायचं?" हैदराबादचं क्लिनिक पुढे टाटा ट्रस्टच्या मदतीने सबरंग या नावाने सुरू झालं, हे ऐकून बरं वाटलं. पण आपल्या लोकांचं दार किती पातळ फळीचं असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. तेव्हापासून आमच्या कपाटातल्या बाटल्या मी रोज मोजतो. त्या देणग्यांतून घेतलेल्या आहेत, आणि मोजक्याच आहेत.

एप्रिलमध्ये तो आला. वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी. आधार कार्ड हातातच होतं, मी मागायच्या आधीच टेबलावर ठेवलं. या वेळी ताईंनी खुर्ची ओढली, दार लावलं आणि म्हणाल्या, "बोल आता." तो तासभर बोलला. काय बोलला ते मला माहीत नाही, माहीत असण्याची गरजही नाही. बाहेर बसून मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. तपासणीची पट्टी मी लावली नाही, माझे हात थरथरत होते. दुसऱ्याने लावली. नॉन-रिअॅक्टिव्ह. क्रिएटिनिन ठीक. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.

मी बाटली त्याच्यासमोर ठेवली आणि मला वाटलं, झालं. पण तो बाटलीला हात लावेना.

"ही मी घरी ठेवू कुठे?"

एका खोलीचं घर. आई, बाबा, आजी, बहीण. कपाट एकच, त्यात त्याचा एक खण. त्याची सॅक आई दर रविवारी धुते. आईला बाटली सापडली तर ती लेबलवरचं नाव मोबाइलमध्ये टाकणार, आणि पहिलंच येणार : एचआयव्हीवरचं औषध. मुलाला लागण झाली, असंच ती समजणार. लागू नये म्हणून घेतोय, हे सांगायला आधी बाकीचं सगळं सांगावं लागणार. माझ्या डी. फार्म.मध्ये, त्या सगळ्या अभ्यासांमध्ये, ही बाटली लपवायची कुठे याचं उत्तर नव्हतं.

ते आक्काकडे होतं. तिने बाटली उघडली, वरून कापसाचा बोळा घातला, झाकण लावलं आणि हलवून दाखवली. आवाज नाही. "काही पोरं असं करतात," म्हणाली. "लेबल काढतात, कंपासपेटीच्या मागे ठेवतात." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने बाटली परत घेतली. "तुझी इथेच राहू दे. माझ्या कपाटात. दर शनिवारी ये, आठवड्याच्या घेऊन जा."

फार्मासिस्ट म्हणून माझ्या मनात आलं, गोळ्या मूळ बाटलीत, सिलिका जेलसोबत राहिलेल्या बऱ्या, दमट हवेत बाहेर फार दिवस ठेवू नयेत. मी तसं म्हटलं. आठवड्याला काही होत नाही, पण डबी घट्ट झाकणाची हवी, यावर आमचं जमलं. मी स्टेशनबाहेरून एक छोटी स्टीलची डबी आणली, लोक सुपारी ठेवतात तसली. ती त्याच्या खिशात बसली. वेळ ठरवली रात्री दहाची, आजी बीपीची गोळी घेते तेव्हा. आजीला पाण्याचा तांब्या तोच देतो, तेव्हा तोंडात टाकायची. पहिला आठवडा मी त्याला रोज रात्री एक मेसेज करायचो, फक्त : "आजीची गोळी झाली का?" उत्तर यायचं : "झाली."

यात शनिवारचा फायदा असा झाला, की तीन महिन्यांनी एकदा दिसणारं पोरगं दर आठवड्याला दिसायला लागलं. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, ते त्याच शनिवारी कळलं. जेवणानंतर घे म्हटलं, गेली. एका शनिवारी डबीत दोन गोळ्या उरलेल्या होत्या. तो स्वतःच सांगायला लागला, बारावीचा निकाल लागला त्या दोन रात्री पाहुणे होते, जमलं नाही. कुणी त्याला बोललं नाही. आक्काने त्याला पेढा दिला.

सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी आली, लेनाकापाव्हिर नावाचं वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन आहे, ते हेटेरो आणि डॉक्टर रेड्डीज २०२७ पासून माणशी वर्षाला ४० डॉलरच्या आसपास किमतीत बनवणार. मी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. वर्षातून दोनदा! लपवायला बाटली नको, डबी नको, कापूस नको. खोलीत शांतता पसरली. मग तो म्हणाला, "आणि अठराच्या आतल्यांना?"

मी पेपर मिटला.

गेल्या शनिवारी संध्याकाळी तो घाईत आला. सॅक खांद्यावरून उतरवलीच नाही. मी कपाट उघडलं, बाटली काढली, कापूस बाजूला केला, आणि सात गोळ्या मोजून डबीत टाकल्या. तो म्हणाला, "आठ द्याल का? पुढच्या शनिवारी प्रॅक्टिकल आहे, रविवारी येईन."

आतून आक्का ओरडली, "नऊ दे रे. रविवारी मेगाब्लॉक आहे."